‘टायपिंग येतं का?’ : स्त्रियांच्या समान हक्कांवरचं एक राजकीय भाषण कसं तपासायचं

भाषणाचं विश्लेषण करा म्हटलं की बरेच विद्यार्थी अलंकार मोजायला बसतात. इथे उपमा, तिथे विरोधाभास, मग ‘भाषा ओघवती आहे’ आणि शेवटी ‘काळजाला हात घालते’. असे कागद मी ढिगाने तपासले आहेत. ते वाचून भाषण कुणाला पटेल आणि कुणाला पटणार नाही, यातलं काहीच हाती लागत नाही. राजकीय भाषण हे कुणाचं तरी मत वळवण्यासाठी केलेलं काम असतं. म्हणून वाक्यावाक्यापाशी एकच प्रश्न विचारत जायचा: हे कुणासाठी आहे, आणि त्याच्या मनातली कोणती अडचण ते दूर करतं?

हे नुसतं सांगून समजत नाही, एखादं भाषण समोर घ्यावं लागतं. मी घेते ते शर्ली चिशोम यांचं, २१ मे १९६९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहापुढे मांडलेलं. विषय समान हक्क घटनादुरुस्तीचा, म्हणजे लिंगाच्या कारणावरून कायद्याने हक्क नाकारले जाऊ नयेत अशी तरतूद अमेरिकेच्या राज्यघटनेत घालण्याचा. मजकूर दोन-तीन पानांचा, म्हणजे एका बैठकीत पुरा होणारा. कामकाजाच्या नोंदीत तो आहे आणि इंटरनेटवर सहज सापडतो. इथली अवतरणं मी मराठीत केलेली आहेत, मूळ इंग्रजी शेजारी उघडं ठेवून वाचलंत तर जास्त फायदा.

आधी दोनदा वाचा, मग समासात क्रियापदं लिहा

पहिलं वाचन मोठ्याने आणि हातात पेन न धरता. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या आणि समासात एकच क्रियापद लिहा. परिच्छेद काय ‘म्हणतो’ ते नको, काय ‘करतो’ ते लिहा. चिशोम यांच्या भाषणाच्या समासात माझ्याकडे असं उतरलं: दृश्य दाखवते, उघडं पाडते, तुलना करते, स्वतःची साक्ष देते, मोजते, कबूल करते, मागते, खोडते, पुन्हा खोडते.

या ओळीकडे नीट पाहिलं की एक गोष्ट दिसते. ‘मागते’ हे क्रियापद जवळजवळ निम्मं भाषण झाल्यावर येतं. घटनादुरुस्तीचं नावच तोवर निघत नाही. ही मागणी १९२३ पासून काँग्रेसपुढे येत होती आणि दर वेळी बाजूला पडत होती. नाव आधी घेतलं असतं तर ‘हे पुन्हा आलं वाटतं’ म्हणून ऐकणाऱ्याचं लक्ष तिथेच उडालं असतं. मागणी कुठे ठेवली आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याकडच्या सभांमध्ये ती बहुधा शेवटी येते, टाळ्यांच्या आधी. इथे ती मध्यावर आहे आणि पुढचा सगळा वेळ आक्षेपांसाठी राखलेला आहे.

बोलणारी कोण, ऐकणारे कोण

वक्त्याचं चरित्र लिहीत बसू नका. भाषणाला जेवढं लागतं तेवढंच घ्या. चिशोम न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या. राजकारणात येण्याआधी लहान मुलांच्या शाळांमध्ये काम केलेल्या. १९६८ च्या नोव्हेंबरात निवडून आल्या आणि काँग्रेसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सदस्य ठरल्या. त्यांच्याविरुद्ध उभे होते जेम्स फार्मर, नागरी हक्क चळवळीतलं मोठं नाव, आणि त्यांच्या प्रचारात पुरुषी नेतृत्वाची गरज असल्याचा सूर होता. म्हणजे सभागृहात येऊन पाच महिनेही न झालेली एक नवखी सदस्य बोलते आहे, आणि तिला बाई असण्याचा अडथळा समविचारी माणसांकडूनही नुकताच अनुभवाला आला आहे. भाषणाला एवढं चरित्र पुरे.

जास्त वेळ श्रोत्यांना द्या. ‘सभागृह’ हे उत्तर चालणार नाही. मी तीन गट धरते.

पहिला, नागरी हक्कांच्या बाजूने मत दिलेले उदारमतवादी सदस्य, ज्यांना या दुरुस्तीची घाई नव्हती. यातलं ठळक नाव इमॅन्युएल सेलर. तेही ब्रुकलिनचे, चिशोम यांच्याच पक्षाचे, आणि न्यायविषयक समितीचे अध्यक्ष. वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा प्रतिनिधिगृहातून पार करण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि ही घटनादुरुस्ती वर्षानुवर्षं समितीत अडकवून ठेवण्यातही. दुसरा गट कामगार संघटनांचा. स्त्री कामगारांसाठी कामाचे तास वगैरे बाबतीत खास संरक्षक कायदे होते, आणि समान हक्कांच्या नावाखाली ते जातील ही त्यांची भीती. तिसरा गट सभागृहाबाहेरचा, नोकरी शोधणाऱ्या तरुण मुलींचा.

हे तीन गट कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे सारखे लागतील.

सुरुवात: परक्या भाषणात आपला अनुभव घालू नका

भाषण उघडतं ते असं. पदवी घेतलेली मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाते आणि पहिला प्रश्न येतो, ‘टायपिंग येतं का?’ चिशोम म्हणतात, या प्रश्नामागे न बोललेली पण हिशेबाने रचलेली पूर्वग्रहाची व्यवस्था आहे.

मराठी वाचक इथे अडखळतो. टायपिंगची तीसची आणि चाळीसची परीक्षा पास होणं ही आपल्याकडे कित्येक घरांत अभिमानाची गोष्ट होती. ते प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोकरीचं दार. शिवाय त्या वर्गाला मुलगेही तितकेच जात. त्यामुळे हा प्रश्न आपल्या कानाला अपमान वाटतच नाही, उलट चांगला वाटतो. १९६९ च्या अमेरिकेत पदवीधर मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नसे, मुलीला विचारत. टोचतं ते तिथे. भाषण ज्या काळातलं आणि जागेतलं आहे तिथे उभं राहून वाचा म्हणतात, ते यासाठी.

आता हे उघडणं कुणासाठी आहे? मुलाखत घेणाऱ्यासाठी. सदस्यांपैकी अनेकांनी आपल्या कार्यालयात हाच प्रश्न विचारला असणार. त्यांना ‘तुम्ही अन्याय करता’ असं न म्हणता त्यांच्याच तोंडचं एक साधं वाक्य परत ऐकवलं आहे. आकडेवारीने सुरुवात केली असती तर ही गाठ पडली नसती.

तुलना: भाषणाचा कणा, आणि त्यातली चीर

पुढे चिशोम स्त्रियांवरच्या पूर्वग्रहाची तुलना कृष्णवर्णीयांवरच्या पूर्वग्रहाशी करतात. आनंदी गृहिणी आणि मळ्यावरचा समाधानी म्हातारा गुलाम, ही दोन्ही चित्रं पूर्वग्रहानेच रंगवली, असं वाक्य आहे. (गुलामासाठी मूळ शब्द हिणवणारा आहे आणि तो मुद्दाम वापरला आहे. अनुवादात तो सौम्य होतो, हे टिपणात लिहा.)

मग साक्ष येते: वर्णद्वेष मला नवा नाही, पण राजकारणाच्या जगात मी कृष्णवर्णीय आहे म्हणून झाला त्यापेक्षा स्त्री आहे म्हणून माझ्याशी कितीतरी अधिक वेळा भेदभाव झाला. हे वाक्य फार उद्धृत होतं, आणि ‘राजकारणाच्या जगात’ हे दोन शब्दांचं कुंपण गाळून उद्धृत होतं. ते गाळलं की विधान ‘स्त्री असणं हे कृष्णवर्णीय असण्यापेक्षा अवघड’ असं होऊन बसतं. चिशोम तसं म्हणालेल्या नाहीत. विश्लेषण करताना अशा मर्यादा घालणाऱ्या शब्दांभोवती गोल करा. ‘बहुधा’, ‘अजून’, ‘या क्षेत्रात’. वक्त्याचा प्रामाणिकपणा आणि चलाखी दोन्ही तिथेच सापडतात.

ही साक्ष एवढी वजनदार का? कारण त्या सभागृहात ती दुसरं कुणी देऊच शकत नव्हतं. दोन्ही भेदभाव अंगावर झेलून त्यांची तुलना करायचा अधिकार तिथे एकीलाच होता.

चीर कुठे आहे ती आता बघा. चिशोम कृष्णवर्णीयांना ‘दुसरा एक अल्पसंख्य समाज’ म्हणतात, म्हणजे स्त्रियांनाही अल्पसंख्य धरतात. थोड्याच वेळाने सांगतात की देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या स्त्रियांची आहे. चूक म्हणायची का? मी म्हणणार नाही. पहिल्या ठिकाणी अल्पसंख्य म्हणजे सत्तेत अल्प आणि दुसऱ्या ठिकाणी डोकी मोजली आहेत. पण शब्दाचा अर्थ सरकला आहे आणि वक्ती ते सांगत नाही. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. तुलना ‘स्त्रिया’ आणि ‘कृष्णवर्णीय’ असे दोन वेगळे ढीग करते. कृष्णवर्णीय स्त्रिया कुठल्या ढिगात? बोलणारी स्वतः त्या दोन्हींत उभी आहे, तरी भाषणात त्यांना स्वतंत्र जागा नाही.

आकडे: पडताळा, आणि कशाशेजारी ठेवलेत ते बघा

चिशोम यांचे आकडे थोडे आहेत. व्यवस्थापकीय पदांपैकी २ टक्के स्त्रियांकडे. सर्वोच्च न्यायालयात एकही नाही. मंत्रिमंडळात आजवर दोघी, सध्या कुणी नाही. सिनेटमध्ये एक, प्रतिनिधिगृहात १०.

जे पडताळता येतं ते पडताळा. दोघी मंत्री म्हणजे फ्रान्सिस पर्किन्स आणि ओव्हेटा कल्प हॉबी, बरोबर. सिनेटमधल्या एकट्या मार्गारेट चेस स्मिथ, बरोबर. सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री आली ती १९८१ मध्ये, तेव्हा तेही बरोबर. दुरुस्ती ‘गेली ४० वर्षं’ पुढे येते आहे म्हणतात, प्रत्यक्षात ४६ झाली होती. बोलताना गोळाबेरीज चालते. दोन्ही सभागृहं मिळून ५३५ जागांत ११ स्त्रिया, म्हणजे साधारण २ टक्केच. व्यवस्थापकीय पदांबद्दल दिलेला आकडा ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या घराला लागू पडतो. चिशोम यांनी तो हिशेब मांडून दाखवलेला नाही, ऐकणाऱ्यावर सोडला आहे.

या यादीत एक नाव सहज निसटतं: एएफएल-सीआयओ, कामगार संघटनांचा महासंघ. त्याच्या कार्यकारी मंडळावर एकही स्त्री नाही, हे चिशोम सर्वोच्च न्यायालयाच्या जोडीने सांगतात. कोपऱ्यात लिहिलेला दुसरा गट आठवा. हाच महासंघ तेव्हा या दुरुस्तीच्या विरोधात होता, स्त्री कामगारांच्या हिताचं कारण देऊन. ज्यांच्या मंडळावर एक बाई नाही ते बायकांच्या वतीने बोलतात, हा टोमणा एका नावात बसवला आहे. (महासंघाने १९७३ मध्ये भूमिका बदलली.)

कबुली: ती किती खरी आहे?

स्त्रियांनी आपले हक्क पुरेशा जोमाने मागितले नाहीत, हेही या प्रश्नाचं एक कारण आहे, असं चिशोम मान्य करतात. ‘बायकांनाच नको आहे’ हा आक्षेप यामुळे बोथट होतो आणि बोलणारी निष्पक्ष वाटते. पाठ्यपुस्तकी उत्तर इथे संपतं.

पण कबुलीही पडताळायची असते. १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद, १९२० पर्यंत चाललेला मताधिकाराचा लढा, हे सगळं कुठे गेलं? याच दुरुस्तीचा मसुदा लिहिणाऱ्या अ‍ॅलिस पॉल यांना १९१७ मध्ये व्हाइट हाउसपुढच्या निदर्शनांसाठी तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्या दुरुस्तीच्या बाजूने बोलताना ‘स्त्रियांनी जोमाने मागितलं नाही’ म्हणणं हा जरा अन्यायच. श्रोत्यांना जवळ आणण्यासाठी चिशोम यांनी इथे इतिहास स्वस्तात विकला, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं. कारण द्या म्हणजे झालं.

मागणी दुखण्याला लागू पडते का?

या पायरीवर बहुतेक जण येतच नाहीत. सुरुवातीला दाखवलेलं दुखणं आणि मधे मागितलेलं औषध शेजारी ठेवा. दुखणं आहे कचेरीतला प्रश्न, वरच्या जागांवर बायका नसणं. औषधाचा आशय असा: कायद्याखालील हक्कांची समानता संघराज्य किंवा कोणतंही राज्य लिंगाच्या कारणावरून नाकारणार नाही.

म्हणजे बंधन सरकारवर आहे. ‘टायपिंग येतं का’ विचारणारा खाजगी मालक यात थेट सापडत नाही. ही फट चिशोम यांना जाणवली असावी, कारण मागणीच्या ऐन आधी त्या एक पूल बांधतात: कायद्याने इतकी खोल दुखणी एका रात्रीत बरी होत नाहीत, पण कायदा सर्वांत पिचलेल्यांना संरक्षण देतो आणि बेफिकीर बहुसंख्यांना आपल्या नकळत जपलेल्या धारणा पुन्हा तपासायला भाग पाडतो. हा पूल तुम्हाला पेलतो का, यावर तुमचं निम्मं विश्लेषण ठरेल. मला पेलतो, पण हे वाक्य काढलं तर भाषणाचे दोन तुकडे होतात.

खंडन: कोणता आक्षेप पूर्ण वेळ मिळवतो, कोणता नाही

आक्षेप दोन घेतले आहेत. पहिला, कायद्याचं संरक्षण आधीच आहे. हा आक्षेप पोकळ नव्हता. १९६३ चा समान वेतन कायदा होता, आणि नोकरीत लिंगावरूनही भेदभाव करायला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा होता. चिशोम त्यांचं नावही घेत नाहीत. पुरावा देतात तो परिणामाचा: स्त्रिया कमी पगाराच्या कामांत दाटलेल्या आहेत आणि वर दुर्मीळ आहेत. मग प्रश्न टाकतात: स्त्रिया आधीच समान असतील, तर एखादी काँग्रेसमध्ये निवडून आली की एवढी बातमी का होते?

प्रश्न झकास आहे. पण परिणामावरून कायद्याची उणीव सिद्ध होत नाही; विरोधक म्हणेल, कायदे नवे आहेत, वेळ द्या. याहून पक्का पुरावा हाताशी होता. १९६१ मध्ये ‘हॉइट विरुद्ध फ्लोरिडा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना ज्युरीच्या कामातून आपोआप वगळणारा, ज्यांना हवं त्यांनीच नाव नोंदवावं म्हणणारा, राज्याचा कायदा वैध ठरवला होता. समान वेतन कायद्यातूनही व्यवस्थापक आणि व्यावसायिक पदं तेव्हा वगळलेली होती. वक्त्याने काय सांगितलं नाही याची यादी करा, आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहा: विसरलं, टाळलं, की गरज वाटली नाही? इथे मी ‘गरज वाटली नाही’ लिहीन. तिसऱ्या गटाला खटल्यांची नावं नको होती.

दुसऱ्या आक्षेपात बारीक चलाखी आहे. त्यात दोन आक्षेप एकत्र बांधले आहेत: संरक्षक कायदे जातील, आणि विवाह-घटस्फोटाच्या कायद्यांत गोंधळ होईल. उत्तर देताना क्रम उलटा केला आहे. विवाहाचे कायदे एका वाक्यात निकालात निघतात: ते बदलायलाच हवेत, आणि आहेत ते पुसून टाकणं ही उत्तम सुरुवात ठरेल. संरक्षक कायद्यांना मात्र सावकाश उत्तर आहे: पुरुषाला लागत नाही असं कोणतंही संरक्षण स्त्रीला लागत नाही, योग्य मजुरी, सुरक्षित कामाची जागा, आजारपण आणि कपातीपासून संरक्षण, सन्मानाचं निवृत्तीचं आयुष्य, हे काम करणाऱ्या सगळ्यांना हवं.

कामगार संघटनांना यात हात पुढे केला आहे: तुमचे कायदे काढत नाही, पुरुषांपर्यंत वाढवू. पण ‘कोणतंही संरक्षण लागत नाही’ हे विधान बाळंतपणापाशी अडतं. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बरोबर उलट बाजू घेतली होती: बाळंतपणाच्या आधी-नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पुढे भारतीय संविधानाच्या कलम १५(३) ने स्त्रियांसाठी विशेष तरतुदींना मोकळीक दिली. दोघांनाही समानताच हवी आहे, तरी वाट वेगळी. अशी उलट बाजू शेजारी ठेवली की युक्तिवादाची धार आणि मर्यादा दोन्ही कळतात.

विवाहाच्या त्या एका वाक्याचं पुढे काय झालं तेही सांगते. सिनेटने १९७२ मध्ये दुरुस्ती ८४ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केली. ३८ राज्यांची मान्यता हवी होती. १९८२ च्या मुदतीपर्यंत ३५ च्या पुढे गाडी गेली नाही. परंपरावादी कार्यकर्त्या फिलिस श्लाफ्ली यांनी विरोधाची मोहीम उभारली ती नेमक्या याच जागेवर, नवऱ्याने पोसण्याचा गृहिणीचा हक्क जाईल, मुलींना सक्तीने लष्करात जावं लागेल. भाषणात जो श्रोता एका वाक्यात उरकला होता, तो असा परत आला. दोष एकट्या भाषणावर टाकू नका, ते हास्यास्पद होईल. पण उरकलेल्या आक्षेपावर खूण करून ठेवायची सवय लावा.

शेवटचं वाक्य

एका लिंगाला दुसऱ्यापेक्षा जास्त संरक्षण लागतं ही पुरुषी वर्चस्वाची दंतकथा आहे, आणि श्वेतवर्णीय वर्चस्वाच्या ज्या दंतकथांतून समाज बरा होऊ पाहतो आहे त्यांच्याइतकीच ती हास्यास्पद आहे. भाषण इथे थांबतं. आवाहन नाही, आभार नाहीत.

तुलना परत आली आहे, पण आता तिचं काम वेगळं. पहिल्या गटाकडे पाहा. ज्याने १९६४ चा कायदा पुढे रेटला त्याला श्वेतवर्णीय वर्चस्वाची दंतकथा नाकारणं भागच आहे. त्याची ओळखच ती. मग जोडीची दंतकथा तो कशी जपणार? सेलर यांचं नाव भाषणात नाही. वाक्य मात्र अशा माणसाला निसटायला जागा ठेवत नाही.

लिहायला बसल्यावर

कच्चं वाक्य असं असतं: ‘वक्त्या तुलनेचा प्रभावी वापर करतात.’ पक्कं असं: ‘वर्णद्वेषाशी केलेली तुलना १९६४ च्या कायद्याला मत दिलेल्या सदस्यांना पेचात टाकते, कारण एक पूर्वग्रह नाकारून दुसरा राखणं त्यांना उघडपणे जमणार नाही, मात्र ज्याला तो कायदाच मान्य नव्हता त्याच्यावर या तुलनेचा काही परिणाम होत नाही.’ श्रोता, त्याची अडचण, काय हललं, कुठे हललं नाही. चारही एका वाक्यात मावले नाहीत तर दोन करा. विशेषणं कापा.

परिच्छेद भाषणाच्या क्रमाने लावायची गरज नाही. तुम्हाला जे सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते आधी घ्या. मी असते तर मागणी आणि दुखण्यातल्या फटीपासून सुरू केलं असतं आणि टायपिंगच्या प्रश्नाकडे नंतर आले असते.

एवढं झालं की चिशोम यांचं याच दुरुस्तीवरचं १० ऑगस्ट १९७० चं भाषण काढा आणि तोच समास पुन्हा भरा. त्यात मुलाखतीला गेलेली मुलगी नाही. राज्यांचे कायदे आहेत, लष्करी सेवेचा प्रश्न आहे, आणि राज्यघटना लिहिणाऱ्यांत ना कृष्णवर्णीय पिते होते ना कुणी माता, दोन्ही बाबतींत वाईटच झालं, असा एक कोरडा चिमटा आहे. १९६९ च्या यादीत तुम्ही ‘सांगितलं नाही’ म्हणून जे लिहिलंत, त्यातलं काय काय तिथे आलं आहे ते एकेक खोडत जा.